माओरी शिकताना मराठी माणसं हमखास करतात त्या चुका

न्यूझीलंडला आलेली आपली माणसं हल्ली उत्साहाने 'ते रेओ माओरी', म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची माओरी भाषा, शिकायला लागतात, याचा मला मनापासून आनंद आहे. 1987 पासून ही इथली अधिकृत भाषा आहे, त्यामुळे ती शाळेत आणि कामावर कानावर पडतेच. पण पहिल्याच दिवशी बहुतेक जण वही उघडून सगळं देवनागरीत उतरवतात आणि तिथेच घोटाळा सुरू होतो.

माओरीत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो. अ-आ, इ-ई, उ-ऊ आपल्याला सोपे जातात. पण तिथे ए आणि ओसुद्धा ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन आहेत. आपल्याकडे मात्र ते वृत्तात कायम गुरू, म्हणून आपण ते लांबवूनच म्हणतो. ऑकलंडमधल्या एका बालवाडीत काम करणाऱ्या मुलीने वाढदिवसाच्या दिवशी सगळ्या मुलांसमोर, पालकांसमोर प्रेमाने जाहीर केलं, "हे केऽकेऽ मा कोउतोउ!" तिला म्हणायचं होतं, "तुम्हा सगळ्यांसाठी केक." समोर बसलेल्या एका माओरी आजींनी काही न बोलता आपला हात वर केला आणि काखेत बोट लावून दाखवलं. केके म्हणजे केक, केऽकेऽ म्हणजे काख. तिच्या वहीत दोन्ही शब्द "केके" असेच लिहिलेले होते. पोरगी महिनाभर वर्गात तोंड उघडेना.

म्हणून माझा आग्रह आहे की रोमन लिपीत, स्वरावरच्या आडव्या रेघेसकट लिहा. ती रेघ शोभेची नाही, स्पेलिंगचाच भाग आहे. देवनागरी सोडवतच नसेल, तर मी इथे करते तसं दीर्घ ए-ओ पुढे अवग्रह (ऽ) द्या. बोलताना मी मांडीवर बोट आपटते: ऱ्हस्वाला एकदा, दीर्घाला दोनदा. आणि शेवटचा अ गिळू नका. 'वक' म्हणजे होडी, पण आपण वाचतो 'वक्'. माओरीत शब्द व्यंजनावर संपतच नाही.

'फानउ' (कुटुंब) हा शब्द 'व्हानाउ' म्हणू नका. स्पेलिंगमध्ये डब्ल्यू-एच दिसलं तरी बहुतेक ठिकाणी उच्चार फ च्या जवळचा आहे. आणि एन-जी दिसलं की 'न्गा' तर नकोच. बाराखडीत पाठ करून विसरलेला ङ इथे कामाला येतो.

मला सर्वांत जास्त खटकणारी चूक वेगळीच आहे. इंग्रजीत 'आपण' आणि 'आम्ही' यांना एकच शब्द आहे, मराठीत दोन आहेत आणि माओरीतही आहेत: तातोउ म्हणजे आपण, मातोउ म्हणजे आम्ही. दोघांपुरतं बोलायचं तर ताउअ आणि माउअ. हिंदी बोलणाऱ्याला हा फरक मुद्दाम शिकावा लागतो, आपल्याला तो आईच्या दुधातून मिळालेला. तरी आपले लोक ॲपमध्ये इंग्रजी वाक्य टाकतात आणि समोर येईल ते घोकतात. एका गृहस्थांनी शेजारच्या माओरी कुटुंबाला जेवायला बोलावलं आणि ताटं वाढल्यावर म्हणाले, "मे हएरे मातोउ कि ते कइ." म्हणजे, "चला, आम्ही जेवायला जाऊ या." पाहुणे बिचारे बसूनच राहिले. वाक्य आधी मराठीत म्हणा, मग माओरीत. ॲपचा शॉर्टकट इथे लांबचा रस्ता ठरतो.

नात्यांचे शब्द एकास एक जुळवू नका. 'दादा म्हणजे तुअकन' हे अर्धंच खरं. तुअकन म्हणजे मुलग्याचा मोठा भाऊ किंवा मुलीची मोठी बहीण. मुलीचा भाऊ, मोठा असो की धाकटा, तुङाने. मुलग्याची बहीण तुअहिने. कोण बोलतंय ते आधी बघा.

'माझं' म्हणताना वस्तूचं लिंग नाही, तुमचं तिच्याशी नातं काय ते बघतात. मूल, नवरा, बायको, जेवण यांना ताकु. आईवडील, घर, गाडी, स्वतःचे अवयव यांना तोऽकु. नियमांचा तक्ता पाठ करू नका, प्रत्येक नाम ताकु-तोऽकुसकटच लिहून ठेवा.

एकाला तेऽना कोए, दोघांना तेऽना कोऽरुअ, तिघांना किंवा जास्त असतील तर तेऽना कोउतोउ. जाणाऱ्याला हएरे रा म्हणायचं, मागे राहणाऱ्याला ए नोहो रा.

आणि पेपेह, म्हणजे आपला डोंगर, नदी, पूर्वज सांगून करायची ओळख. घाईतले नवशिके तयार साचा उचलतात आणि घर माउंट ईडनखाली आहे म्हणून तो आपला डोंगर असल्याचं सांगून मोकळे होतात. त्या डोंगराशी इथल्या लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं आहे. भाड्याच्या घराने ते मिळत नाही. मी विद्यार्थ्यांना दोनच वाक्यं देते: "नोऽ पुणे अहउ. केइ तामकि मकउरउ अहउ ए नोहो अन." मी पुण्याची, ऑकलंडला राहते. पुढचं कुणी विचारलं तर सिंहगडाबद्दल खुशाल बोला.