कोड एडिटरचे रंग बदलताना या चुका टाळा

थीम छान दिसते, कोड नीट वाचता येतो, पण चार ओळी सिलेक्ट केल्या की त्यातल्या कमेंट (कोड समजावणाऱ्या टिपा) गायब होतात. अशा वेळी दोष बहुतेकदा अक्षराच्या रंगात नसतो. तो रंग फक्त मुख्य पार्श्वभूमीवर पाहून ठरवलेला असतो, तिथे चूक होते. एडिटरमध्ये तेच अक्षर कधी चालू ओळीच्या पट्टीवर येतं, कधी सिलेक्शनवर, कधी शोधलेल्या शब्दाच्या खुणेवर, तर कधी डिफच्या, म्हणजे कोडमधले बदल दाखवणाऱ्या, हिरव्या-लाल पट्ट्यावर. यातल्या प्रत्येक ठिकाणी ते वाचता यायला हवं.

व्हीएस कोड या एडिटरची ‘डार्क प्लस’ थीम घ्या. कंसातले आकडे लाल, हिरवा, निळा या क्रमाने, ० ते २५५ मध्ये. पार्श्वभूमी (३०, ३०, ३०), कमेंटचा हिरवा (१०६, १५३, ८५). दोन्हींतला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेडाचं गुणोत्तर, ५:१ भरतो. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ लागतो, म्हणजे इथे सगळं ठीक. पण या थीममध्ये सिलेक्शनचा निळा आहे (३८, ७९, १२०). त्यावर हीच कमेंट २.५५ वर घसरते आणि कीवर्डचा (भाषेतल्या राखीव शब्दांचा) निळा २.८८ वर. साधा राखाडी मजकूर मात्र ५.७ वर टिकून राहतो. म्हणून सिलेक्शन करून पाहताना नजर साध्या मजकुरावर असेल, तर काही बिघडलंय हे कळतच नाही.

यावर बरेच जण सिलेक्शनमधल्या अक्षराचा रंग बदलायला जातात. ‘एडिटर सिलेक्शन फोरग्राउंड’ नावाची सेटिंग आहेही, पण ती हाय कॉन्ट्रास्ट थीमसाठी आहे. इतर थीममध्ये तिच्यावर वेळ घालवू नका. नुसता सिलेक्शनचा रंग गडद करूनही भागत नाही. कमेंट ४.५ वर येईल इतका गडद केला, तर तो पार्श्वभूमीतच मिसळतो आणि काय सिलेक्ट केलंय तेच दिसत नाही. दोन्हीकडून थोडं थोडं सरकावं लागतं: सिलेक्शन (३१, ५८, ८६) आणि कमेंट (१२४, १७९, १०४) केलं की कॉन्ट्रास्ट ४.७ होतो, आणि मुख्य पार्श्वभूमीवर तीच कमेंट ६.७५ वर जाते. कीवर्डचा निळा तेवढाच ठेवला तर तो ४ च्या आसपास येतो. सिलेक्शन क्षणभराचं असतं, त्यामुळे आमच्या मते तिथे हे चालवून घेता येतं. मुख्य पार्श्वभूमीवर मात्र ४.५ च्या खाली कधीही उतरू नका.

आता हेच दोन रंग सेटिंग्जच्या जेसन फाइलमध्ये सरळ टाकले की पुढची चूक होते. रंग सगळ्याच थीमना लागू होतात. संध्याकाळी डार्क आणि सकाळी लाइट अशी थीम आपोआप बदलत असेल, तर पांढऱ्यावर हा उजळ हिरवा जेमतेम २.५ भरतो. थीमचं नाव चौकोनी कंसात लिहून रंग त्याच्या आत ठेवा, म्हणजे ते त्या थीमपुरतेच राहतील.

रंगनिवडीच्या पट्टीवरची ‘लाइटनेस’ पाहून रंग निवडणं ही सर्वात फसवी चूक. एचएसएल (रंगछटा, तीव्रता आणि लाइटनेस यांवरून रंग सांगण्याच्या) पद्धतीत शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा, दोघांची लाइटनेस ५० टक्केच. पण काळ्यावर पिवळा १९.६ देतो आणि निळा फक्त २.४. कारण डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७१.५ टक्के, लालचा २१.३ आणि निळ्याचा जेमतेम ७.२ टक्के असतो. म्हणून डार्क थीममध्ये निळा उजळवायचा तर त्यात हिरवा वाढवा. निळ्याचा आकडा आधीच २५५ असेल तर तिथे वाढवायला काही उरलेलंच नसतं. लाइट थीममध्ये उलटं होतं. शुद्ध हिरवा पांढऱ्यावर १.४ वर अडकतो.

शोधलेल्या शब्दांची खूण पारदर्शक असावी लागते. रंगाच्या हेक्स कोडमध्ये (# नंतर) सहाऐवजी आठ अंक लिहायचे, शेवटचे दोन पारदर्शकतेचे. ते गाळले तर खूण भरीव होते आणि तिच्याखालच्या इतर खुणा झाकल्या जातात. कॉन्ट्रास्ट मोजतानाही मूळ नारिंगी घेऊ नका, मिसळून आलेला रंग घ्या. (२३४, ९२, ०) हा नारिंगी एक तृतीयांश तीव्रतेने (३०, ३०, ३०) वर पडला, तर पडद्यावर (९८, ५१, २०) दिसतो. त्यावर मूळ कमेंटचा कॉन्ट्रास्ट ३.१५ येतो.

रंग बदलूनही फरक पडत नसेल, तर कमांड पॅलेटमधून ‘डेव्हलपर: इन्स्पेक्ट एडिटर टोकन्स अँड स्कोप्स’ चालवा आणि कर्सर त्या शब्दावर न्या. रंग कुठल्या नियमातून आला ते तिथे कळतं, कॉन्ट्रास्टचा आकडाही मिळतो. बऱ्याचदा सिमँटिक हायलायटिंगने, म्हणजे शब्दाचा कोडमधला अर्थ ओळखून रंग देणाऱ्या सोयीने, तुमचा नियम झाकलेला असतो. मग रंग सिमँटिक टोकनच्या सेटिंगमध्ये द्यायला हवा. टर्मिनलमध्ये दिलेला रंग वेगळाच दिसत असेल, तर ‘मिनिमम कॉन्ट्रास्ट रेशो’ पाहा. तो मुळात ४.५ असतो आणि फिके रंग स्वतःहून बदलतो. १ केला की तुमचे रंग जसेच्या तसे दिसतील, पण मग वाचता येण्याची जबाबदारीही तुमचीच.

मराठीत कमेंट लिहीत असाल तर कॉन्ट्रास्ट आणखी थोडा जास्त ठेवा. लहान आकारात अनुस्वार आणि रफार सर्वात आधी पुसट होतात. कमेंट तिरप्या आणि फिक्या, ही अनेक थीमची आवडती जोडी देवनागरीला जाचते. तिरपेपणा काढा, कॉन्ट्रास्ट ६ च्या पुढे न्या आणि फॉन्टच्या यादीत ‘नोटो सान्स देवनागरी’ स्पष्टपणे लिहा.