गाडी नाही, लायसन्स सस्पेंड, मग इन्शुरन्स कशाचा? (टेक्सासवाल्यांसाठी तयारी)

माझ्या मावसभावाने गाडी विकून टाकली होती, त्यामुळे डॅलसला लायसन्स सस्पेंड झाल्याचं कळल्यावर त्याचं पहिलं वाक्य हेच, गाडीच नाही तर इन्शुरन्स कशाचा काढू. झालं असं की आधी दोनदा इन्शुरन्सशिवाय सापडला, दोन्ही वेळा मुकाट दंड भरला आणि विषय संपला असं समजून बसला, पण तिकडे दंड भरला म्हणजे कन्व्हिक्शन, म्हणजे दोषी ठरल्याची नोंद, आणि दुसऱ्यांदा असं झालं की डीपीएस (टेक्सासचं लायसन्स देणारं खातं) लायसन्स सस्पेंड करतं आणि दोन वर्षांसाठी एसआर-२२ मागतं. हे एसआर-२२ म्हणजे इन्शुरन्स नव्हे हां, तुमच्याकडे पॉलिसी चालू आहे असा कंपनीने राज्याला पाठवलेला दाखला.

तर आधी डीपीएसच्या साइटवर आपलं स्टेटस बघा आणि काय काय बाकी दाखवतंय त्याची प्रिंट काढून ठेवा, दुसऱ्या राज्यातला मित्र काय सांगतो ते ऐकू नका, तिथले नियम वेगळे. मग एजंटला फोन, आणि सरळ सांगायचं की नॉन-ओनर पॉलिसी (स्वतःची गाडी नसणाऱ्यांसाठीची) हवीय, एसआर-२२ सकट. सगळ्या कंपन्या देत नाहीत, दोन-चार ठिकाणी विचारावं लागतं. कमीत कमी ३०/६०/२५ लागतं, म्हणजे समोरच्या एका जखमी माणसामागे ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींचे मिळून ६०,००० आणि मोडतोडीचे २५,०००. तुम्ही कुणाकडून मागून आणलेली गाडी तुमच्याच हातून ठोकली तर तिच्या दुरुस्तीला यातून छदामही मिळत नाही.

एजंट विचारतो घरात कोण कोण राहतं, गाड्या किती. इथे आपले लोक हमखास घोळ घालतात. भाऊ-वहिनीकडे राहताय आणि त्यांचीच गाडी रोज वापरणार असाल तर नॉन-ओनर चालत नाही, त्यांच्या पॉलिसीवर ड्रायव्हर म्हणून नाव घालावं लागतं, त्यांचा हप्ता वाढेल आणि वहिनी बोलेल पण खोटं सांगू नका, क्लेमच्या वेळी सगळं बाहेर येतं.

नावाचं तर विचारूच नका. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव कुठे फर्स्ट नेममध्ये चिकटलेलं असतं, कुठे मिडल नेममध्ये, तेव्हा लायसन्सवर जसं छापलंय अगदी तस्संच एजंटला स्पेलिंगसकट सांगा. एसआर-२२चा फॉर्म आला की नाव आणि लायसन्स नंबर बघा, आणि खूण ओनर्स पॉलिसीपुढे नसून ऑपरेटर्स पॉलिसीपुढे (नॉन-ओनरसाठी हाच चौकोन) आहे ना तेही बघा. भावाच्या फॉर्मवर चुकीच्या चौकोनात खूण होती, फॉर्म परत करून घेतला, त्यात आठवडा गेला.

त्यानंतर डीपीएसची १०० डॉलर फी भरा, पावती जपा, आणि साइटवर लायसन्स एलिजिबल दिसेपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नका, पॉलिसी खिशात आहे म्हणून चालवायची परवानगी मिळत नाही. कामावर जायला चालवणं भागच असेल तर कोर्टातून ऑक्युपेशनल लायसन्स मिळू शकतं, पण त्यालाही एसआर-२२ लागतंच. आणि सस्पेंड होण्याचं कारण दारू पिऊन गाडी चालवणं असेल आणि एच-१बी वर्क व्हिसावर असाल, तर भारताचं तिकीट काढायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला गाठा, नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो.

शेवटचं म्हणजे हप्ता. ऑटोपे लावा आणि कार्ड कधी एक्स्पायर होतंय ते बघून ठेवा, कारण पॉलिसी बंद पडली की कंपनी एसआर-२६ पाठवून राज्याला कळवते आणि लायसन्स पुन्हा सस्पेंड. गणपतीला महिनाभर घरी गेलात तरी हप्ता जात राहिला पाहिजे. दोन वर्षं शेवटच्या कन्व्हिक्शनच्या तारखेपासून मोजतात, पॉलिसी काढल्यापासून नाही, म्हणून ती तारीख कोर्टाच्या कागदावरून बघून फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, भावाने तर फ्रिजवरच चिकटवलीय.