लॅम्डा फाजचं मॉडेल: डोकं आधी, दोरी मग

लॅम्डा फाज म्हणजे बॅक्टेरियाला संसर्ग करणारा विषाणू. त्याच्या मॉडेलचं प्रमाण सोपं ठेवा: १ नॅनोमीटरला १ मिलिमीटर. मग डोकं साधारण ६ सेंटिमीटरचा पोकळ चेंडू, शेपटी १५ सेंटिमीटरची लवचीक नळी. एवढं पटकन होतं. खरं काम डीएनएचं. ४८,५०२ बेसजोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) म्हणजे २ मिलिमीटर जाडीची तब्बल १६.५ मीटर दोरी! ती गुंडाळून वरून चेंडू चिकटवायचा नाही, हे मी विद्यार्थ्यांना दरवेळी बजावते. फाजमध्येही रिकामं कवच आधी बनतं. मग एटीपीवर (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवर) चालणारी प्रथिनांची मोटर एकाच छिद्रातून डीएनए आत ढकलते. तुम्हीही तसंच भरा. निम्मी दोरी सहज जाते, पुढे बोटांना जोर लागतो. तो जाणवायलाच हवा: खऱ्या कवचातला दाब वातावरणाच्या सुमारे वीसपट असतो. शेपटी डोकं भरल्यावरच जोडा.