कुत्रं बकाबका खातंय? जुनं आप्पेपात्र काढा

भाकरी-दुधाचा काला ताटलीत पडला आणि मिनिटाच्या आत ताटली चाटूनपुसून लख्ख! सातारा-सांगलीकडच्या अंगणांत हे रोजचंच. "भूक चांगली आहे हो त्याला," असं वर कौतुकही होतं. पण न चावता गिळताना घासाबरोबर हवाही पोटात जाते, मोठा तुकडा घशात अडकतो आणि कधी कधी सगळा काला पाच-दहा मिनिटांत जसाच्या तसा बाहेर येतो. कुत्र्याला 'हळू खा' हे दरडावून शिकवता येत नाही. बदलायचं ते भांडं आणि अन्नाचा आकार.

पायरी १ : घड्याळ लावा

तीन दिवस रोजचंच जेवण रोजच्याच भांड्यात द्या आणि किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. मध्यम आकाराच्या कुत्र्याचं एक वेळचं जेवण मिनिटभरात संपत असेल, तर ते ८ ते १० मिनिटांवर न्यायचं आहे.

बाहेर काय पडतं तेही पाहा. खाल्ल्याबरोबर, पोटाला उमाळे न येता, न पचलेलं अन्न लांबट गोळ्यासारखं बाहेर आलं तर बहुधा घाईचा परिणाम. उमाळे देऊन, पिवळ्या पाण्यासकट येत असेल तर ती उलटी. तसंच गोळा रोजच बाहेर पडत असेल, तर अन्ननलिकेचाही दोष असू शकतो. या दोन्हींवर भांडं बदलणं हा इलाज नव्हे, डॉक्टरांना दाखवा.

पायरी २ : घाई कशाची, ते शोधा

सगळ्यात मोठं कारण आपल्याच पद्धतीत असतं. घरातल्यांची जेवणं उरकली की रात्री एकदाच उरलंसुरलं घालायचं. २४ तासांनी अन्न दिसल्यावर कोण चावत बसेल? दिवसाचं तेवढंच अन्न सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ असं दोनदा द्या. वेळा वाढवायच्या, भाकरी नाही. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला दिवसातून तीन-चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा.

दोन कुत्री असतील तर एकमेकांना दिसणार नाहीत अशी वेगळी बसवा. एक ओट्यावर, एक गोठ्यामागे. मधे नुसतं दोन हात अंतर ठेवून भागत नाही. शेजारच्याचं संपायच्या आत आपलं संपवायची शर्यत चालूच राहते.

खाऊनही बरगड्या दिसत असतील तर जंतांचं औषध कधी दिलं ते आठवा. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी लागतं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही भूक भडकते. आणि लॅब्रेडोर असेल तर थोडं समजून घ्या : या जातीतल्या बऱ्याच कुत्र्यांत भूक आवरणारं एक जनुकच बिघडलेलं असतं, हे २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं.

पायरी ३ : आप्पेपात्र

बाजारात उंचवटे असलेली प्लास्टिकची 'स्लो फीडर' भांडी मिळतात, पण सात किंवा बारा खळग्यांचं जुनं आप्पेपात्र तेच काम करतं. बिडाचं असेल तर उत्तम. जड असल्यामुळे ते नाकाने सरकत नाही. हलकं ॲल्युमिनियमचं असेल तर खाली ओलं पोतं घाला. कोटिंग उडालेलं नॉनस्टिक वापरू नका. पापुद्रे पोटात जातात.

काला पातळ केला तर कुत्रं लपलप करून आणखी वेगाने संपवतं. भाकरी कुस्करून थोडंसं दूध किंवा बिनफोडणीचं ताक घाला, मूठ वळली जाईल इतकीच ओली करा, आणि खळग्यात अंगठ्याने दाबून काठाच्या खालपर्यंत भरा. पहिले दोन दिवस सैल भरा, निम्मं अन्न वरच राहू द्या. एकदम ठासून भरलं तर कुत्रं वैतागून पात्र उलथवतं किंवा भुंकत बसतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून घट्ट. पग किंवा तशाच चपट्या तोंडाच्या कुत्र्याची जीभ खोल खळग्यात पोचत नाही. त्याला परातीत पातळ थर पसरून द्या.

जेवण झालं की पात्र गरम पाण्यात भिजवून ब्रशने घासा. एप्रिल-मेमध्ये खळग्यात चिकटलेला काला संध्याकाळपर्यंत आंबतो आणि मुंग्या लागतात त्या वेगळ्याच. घरच्या आप्प्यांचं पात्र वेगळं, हे सांगायला नकोच.

पायरी ४ : आप्पेपात्र नसेल तर

परातीच्या मधोमध नदीतला गुळगुळीत गोटा ठेवा, म्हणजे कुत्र्याला त्याच्याभोवती फिरून खावं लागतं. गोटा कुत्र्याच्या तोंडात मावणार नाही एवढा मोठाच हवा, नाहीतर हावरं कुत्रं तोही गिळायला बघतं. वरवंटा चालतो, पण मिरची-लसणाचा वास गेलेला असावा.

कोरडं फूड देत असाल तर दोन-अडीच फुटांचं बारदान अंथरून त्यावर दाणे विखरा, सैलसर गुंडाळी करा आणि कुत्र्याला हुंगून शोधू द्या. बारदान बेदाण्याचं मात्र नको. तासगाव-सांगली भागात ते सहज मिळतं, पण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. शिवणीत अडकलेले चार दाणेही नकोत. बक्षीस म्हणून भडंगही नको, त्यात लसूण असतो. कोंबडीची शिजवलेली हाडं तर गिळणाऱ्या कुत्र्याला कधीच देऊ नका. ती फुटून टोकदार होतात.

भांडं उंच स्टँडवर ठेवलं की हवा कमी जाते, असं बरेच जण सांगतात. मोठ्या जातींच्या कुत्र्यांवर पर्ड्यू विद्यापीठाने केलेल्या पाहणीत उलटं दिसलं : उंच भांड्यातून खाणाऱ्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका जास्त होता. भांडं जमिनीवरच बरं.

पायरी ५ : जेवणाआधी आणि नंतर

दोन्हीकडे तासभर पळापळ नाही. रानात मोटारसायकलमागे धावून आलेल्या कुत्र्यापुढे लगेच ताटली ठेवू नका. धाप बसू द्या, आधी थोडं पाणी द्या.

कारवानी, मुधोळ हाउंड, डॉबरमन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या कुत्र्यांबाबत हे काटेकोर पाळा. त्यांच्यात फुगलेल्या पोटाला पीळ पडू शकतो. खुणा अशा : ओकायचा प्रयत्न होतो पण बाहेर काही येत नाही, लाळ गळते, एका जागी बसवत नाही, बरगड्यांमागे पोट टम्म होऊन टिचकी मारली की ढोलासारखं वाजतं. ओवा, सोडा, तेल पाजण्यात वेळ घालवू नका. काही तासांत जीव जातो आणि बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच लागते. जवळच्या डॉक्टरांकडे पोटातली हवा काढून घेता आली तर पुढच्या प्रवासाला थोडा वेळ मिळतो. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण साताऱ्याहून ते साधारण ६० किलोमीटर, मधे खंबाटकी घाट. म्हणून रात्री-अपरात्री कुत्र्यांची शस्त्रक्रिया कोण करतं हे आजच विचारून घ्या आणि तो नंबर घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये ठेवा.