आगीत सापडलेल्या स्लॅबचं डॅमेज मॉडेल कसं करायचं

आधी टेम्परेचर नीट काढा, डॅमेजला हात नंतर लावा. खालून आग लागलेला 150 मिमीचा स्लॅब घ्या, फक्त जाडीच्या दिशेनं गणित केलं तरी पुरतं, मेश, म्हणजे गणितासाठी स्लॅबचे पाडलेले छोटे तुकडे (एलिमेंट), खालच्या 50 मिमीत 2-3 मिमीचा ठेवा, वर मोठा चालतो.

आगीसाठी आयएसओ 834 ची (आगीच्या चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक) कर्व्ह: टेम्परेचर = 20 + 345 × लॉग(8 × मिनिटं + 1), लॉग बेस 10 चा. 60 मिनिटांना 945 डिग्री यायला पाहिजेत. पण हे आगीच्या गॅसचं टेम्परेचर आहे, पृष्ठभागाला तसंच देऊ नका, युरोकोडप्रमाणे (युरोपचे बांधकाम डिझाइनचे नियम) कन्व्हेक्शन, म्हणजे गरम हवेतून येणारी उष्णता, 25 वॅट प्रति चौ.मी. प्रति डिग्री आणि एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग किरणांतली उष्णता किती शोषतो ते, 0.7 धरून उष्णता आत सोडा. स्पेसिफिक हीटमध्ये (एक किलो एक डिग्रीनं तापवायला लागणारी उष्णता, ज्यूलमध्ये) ओलावा विसरायचा नाही, कोरडं काँक्रीट 900 च्या आसपास असतं पण 3 टक्के पाणी असेल तर 100 ते 115 डिग्रीला ते 2020 वर जातं कारण वाफ व्हायला उष्णता खर्च होते. तपासायला सोपी खूण म्हणजे तासाभरात 500 डिग्रीची रेषा साधारण 20 मिमी आत आलेली दिसते.

मग स्ट्रेंग्थ. युरोकोडच्या तक्त्यात क्वार्ट्झवाल्या खडीचं काँक्रीट 300 डिग्रीला मूळ ताकदीच्या 0.85, 500 ला 0.60, 700 ला 0.30 उरतं, चुनखडीचं 500 ला 0.74. आपल्याकडची खडी बेसाल्टची, तिच्यासाठी वेगळा कॉलमच नाही, मी क्वार्ट्झचाच घेतो, सेफ साइडला.

आता डॅमेज, म्हणजे मॉड्युलसचा (काँक्रीटच्या ताठरपणाचा) किती हिस्सा गेला ते, 0 म्हणजे शाबूत, 1 म्हणजे पूर्ण गेलेलं; थर्मल तापण्यामुळे, मेकॅनिकल लोडमुळे: उरलेला मॉड्युलस = मूळ × (1 − थर्मल डॅमेज) × (1 − मेकॅनिकल डॅमेज). मॉड्युलस स्ट्रेंग्थपेक्षा लवकर पडतो, म्हणून दोघांना एकच फॅक्टर लावू नका. लोडखाली पहिल्यांदा तापताना काँक्रीट जास्तीचं आखडतं, त्याला ट्रान्झिएंट क्रीप म्हणतात, ते सोडलं तर जखडलेल्या स्लॅबमध्ये स्ट्रेस भलताच मोठा येतो आणि नसलेलं डॅमेज दिसायला लागतं, मात्र युरोकोडच्या स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह (ताण आणि आकारबदल यांचं नातं) वापरत असाल तर ते त्यातच धरलेलं असतं, परत घालू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, थर्मल डॅमेज आत्ताच्या टेम्परेचरवर नाही, त्या नोडनं (मेशमधल्या बिंदूनं) आजवर गाठलेल्या कमाल टेम्परेचरवर बांधा. थंड झाल्यावर सळईची ताकद बऱ्यापैकी परत येते, काँक्रीटची येत नाही, उलट अजून थोडी उतरते. आणि आग विझली म्हणून रन (चालू गणित) थांबवू नका, आतल्या थरांचं टेम्परेचर त्यानंतरही चढत असतं.

स्पॉलिंग, म्हणजे पापुद्रे उडणं, यातून मिळणार नाही. 1996 च्या चॅनल टनेलच्या (इंग्लंड-फ्रान्समधला समुद्राखालचा बोगदा) आगीत अस्तराचे थरच्या थर उडाले होते, म्हणून दाट, हाय स्ट्रेंग्थ काँक्रीट असेल तर खालचे एलिमेंट काढून, आग नव्या पृष्ठभागाला लावून दुसरा रन घ्याच, सळई उघडी पडल्यावर काय होतं ते त्यातच कळेल.