फॉर्मल्डिहाइडचा कॅटॅलिस्ट निवडताना या चुका टाळा

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत शेल मोल्डिंगची (पातळ कवचासारख्या साच्याची) वाळू धरून ठेवणारं फिनॉलिक रेझिन फॉर्मल्डिहाइडशिवाय बनत नाही. मिथेनॉलची वाफ आणि हवा कॅटॅलिस्टवरून, म्हणजे रासायनिक क्रिया वेगानं घडवणाऱ्या पदार्थावरून, नेली की फॉर्मल्डिहाइड मिळतं; ते पाण्यात विरघळवलं की फॉर्मेलिन. म्हणून कोल्हापुरात मला विचारतात, "फॉर्मेलिन आपणच काढूया की! पण चांदी घालायची का ऑक्साईड?" आणि समोर किलोचे भाव लिहिलेला कागद सरकवतात. चूक तिथूनच सुरू होते. चांदी काही महिन्यांत थकते खरी, पण शुद्ध करून परत वापरता येते. ऑक्साईडचा कॅटॅलिस्ट म्हणजे आयर्न-मॉलिब्डेट (लोखंड आणि मॉलिब्डेनम या धातूंचं संयुग), ते साधारण वर्ष-दीड वर्ष चालतं. मग नुसत्या भावाची तुलना काय कामाची?

याहून धोक्याचा विचार म्हणजे त्याच प्लांटमध्ये चांदी काढून ऑक्साईड भरायचा. हे कदापि करू नका. मिथेनॉलची वाफ हवेत साधारण 6 ते 36 टक्के असली की स्फोट होऊ शकतो. चांदीचा प्लांट या पट्ट्याच्या वर, जास्त मिथेनॉलवर, 600 ते 720 अंशांना चालतो. ऑक्साईडचा प्लांट हवा भरपूर ठेवून 250 ते 400 अंशांना चालतो आणि त्याच्या बारीक नळ्यांभोवती उष्णता वाहून नेणारं तेल लागतं. रिॲक्टरच निराळा.

माहितीपत्रकातलं '99 टक्के' बघून हुरळून जाऊ नका. तो बहुतेकदा कन्व्हर्जनचा (किती मिथेनॉल खपलं त्याचा) आकडा असतो, यील्डचा (घातलेल्या मिथेनॉलमधून किती फॉर्मल्डिहाइड मिळालं त्याचा) नव्हे. रोज 50 टन, 37 टक्क्यांचं फॉर्मेलिन काढणाऱ्या प्लांटचं यील्ड 90 वरून 91 झालं, तर दिवसाला सुमारे 240 किलो मिथेनॉल वाचतं. हिशेब इथं करा. टेल गॅसही, म्हणजे शेवटी उरून बाहेर पडणारा वायूही, त्यातच धरा. चांदीच्या टेल गॅसमध्ये हायड्रोजन भरपूर असतो, तो जाळून वाफ मिळते. ऑक्साईडचा आपसूक जळत नाही, त्यासाठी वेगळा इन्सिनरेटर लागतो.

एका प्लांटमध्ये यील्ड घसरलं म्हणून नवी चांदी मागवायची तयारी चालली होती. रिॲक्टर उघडला तर करड्या दाण्यांवर तांबूस ठिपके आणि भिंतीलगत चांदीच्या थरात बोट जाईल एवढी भेग. मिथेनॉलची वाफ करणाऱ्या व्हेपोरायझरनंतरच्या साध्या लोखंडी पाइपचा गंज खाली आला होता. लोखंडामुळे मिथेनॉल, फॉर्मल्डिहाइड फुटून कार्बन मोनॉक्साईड बनतो. पाइप स्टेनलेसचा केल्याशिवाय नवी चांदी टाकली असती तर तीही वाया गेली असती.

ऑक्साईडमध्ये प्रेशर ड्रॉप (नळ्यांतून जाताना वायूचा घटणारा दाब) वाढत गेला तर ब्लोअरला दोष देण्याआधी हॉट स्पॉट, म्हणजे नळीतली सगळ्यात तापलेली जागा, बघा. तिथलं मॉलिब्डेनम उडून पुढे थंड भागात साचतं. आत जाणारं मिथेनॉल कमी करा, तेलाचं तापमान तपासा आणि पुढच्या भरणीला नळीच्या तोंडाशी निष्क्रिय रिंगा मिसळून घ्या.