लोकाट मोहोरावर आहे, पाणी तोडू नका

लोकाटाला मोहोर आला असेल तर आधी खुरपं घ्या आणि झाडाखाली जा. बुंध्याशी उकरू नका. फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे वीतभर खोल माती काढून मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, तर वाफसा आहे, काळजी नाही. रेताड जमिनीत गोळा तसाही धड होत नाही, तिथे माती हाताला गार लागते का एवढंच बघा. माती कोरडी भुरभुरीत निघाली तर आजच पाणी द्या. बाकीचं त्यानंतर वाचा.

घाईचं कारण असं. लोकाट हे सफरचंद आणि नाशपातीच्या कुळातलं झाड, पण त्याचं वर्ष त्यांच्या बरोबर उलटं चालतं. ती झाडं पानं टाकून हिवाळाभर झोपतात. लोकाट सदाहरित आहे. त्याला शरदाच्या अखेरीपासून फुलं येतात, ऐन थंडीत कोवळी फळं अंगावर असतात आणि वसंतात ती पिकतात. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असाल तर महिने बदलतील, ऋतूंचा क्रम हाच. म्हणजे ज्या दिवसांत बागेतला पाण्याचा पाइप गुंडाळून कोपऱ्यात ठेवला जातो, नेमके तेच या झाडाचे गरजेचे दिवस. मी पाहिलेल्या वाया गेलेल्या लोकाटांपैकी बहुतेक कीड-रोगाने गेलेले नव्हते. थंडी आली, बाकीची झाडं निजली, म्हणून याचंही पाणी बंद झालं होतं.

त्यात हे झाड तक्रार करत नाही. पानं जाड, चामड्यासारखी, खालून लव असलेली. तहान लागली तरी ती मिरचीच्या रोपासारखी माना टाकत नाहीत. वरून सगळं हिरवंगार दिसतं आणि आत फळाची वाढ थांबलेली असते. काही दिवसांनी वाटाण्याएवढी फळं गळू लागतात, जी टिकतात ती बी मोठं आणि गर नावाला अशी निघतात. माझा एक ठोकताळा आहे, पटला तर घ्या: फांदीवरच्या जुन्या पानांच्या कडा दुपारी आत वळू लागल्या आणि संध्याकाळीही सरळ झाल्या नाहीत, तर पाण्याला उशीर होऊन गेलेला असतो. पानांची वाट बघू नका, मातीच बघा.

गळलेली फळं मुठीत घेऊन माणूस दुकानात जातो आणि खरा खर्च तिथे सुरू होतो. फळगळ थांबवणारं टॉनिक, फुगवणीचं टॉनिक, सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी, वरून चिकट द्रव. तुमच्या झाडाखाली ओल आहे का, हे विचारणारा विक्रेता मला अजून भेटायचा आहे. कोरड्या मातीतून मूळ काहीच उचलू शकत नाही, मग वरून काहीही फवारा. अन्नद्रव्याची कमतरता असूच शकत नाही असं मी म्हणत नाही, पण आधी ओल सावरा, दोन-तीन आठवडे बघा, मग बाटलीचा विचार करा.

किती पाणी? हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. झाडाचा घेर ३ मीटर व्यासाचा असेल तर खालची जागा साधारण ७ चौरस मीटर. तिथे १५ मिलिमीटर पाणी द्यायचं तर १०० लिटरच्या थोडं वर. कोरड्या हिवाळ्यात मध्यम जमिनीत हे एक पाणी आठवडा-दहा दिवस पुरतं, रेताडीत त्याहून कमी, भारी काळ्या जमिनीत जास्त. पाऊस पडला तर तेवढं वजा करा. कोरडा वारा सुटला तर मात्र वेळापत्रक गुंडाळून ठेवा आणि खुरप्याने बघा. रोज तांब्याभर पाणी बुंध्यात ओतण्याला मी पाणी देणं म्हणत नाही. त्याने मुळं वरच अडकतात आणि बुंधा ओला राहून सडतो.

लोकाटाची मुळं उथळ असतात, म्हणून झाड लवकर तहानतं आणि पाणी साचलं तर लवकर गुदमरतंही. आळं खोडापासून हातभर लांब गोल करा, खोडाशी माती किंचित उंच ठेवा. घेराखाली वाळला पाला किंवा गवत ४ बोटं जाड अंथरा, पण खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. आच्छादन खोडाला टेकलं की साल कुजते, हे इतकं वेळा दिसतं की लिहायचाही कंटाळा येतो. ज्या झाडाखाली हिवाळाभर पाला असतो ते फळं कमी टाकतं असं मला वाटतं. मोजमाप केलेलं नाही, पण त्यावर मी पैज लावीन. फक्त काळे डाग असलेली पानं त्यात ठेवू नका, ती वेचून बाहेर काढा.

कडाक्याची थंडी पडणार असेल तर

झाड स्वतः उणे ११-१२ अंशांपर्यंत तगून जातं. फळ तगत नाही. बंद कळ्या उणे ७ च्या आसपास मरतात, उमललेली फुलं उणे ३ ला, आणि उणे ४ ला कोवळ्या फळातलं बी मरतं. बी मेलं की बाहेरून धड दिसणारं फळही नंतर गळतं. थंडीची लाट येऊन गेल्यावर दोन-चार फळं आडवी कापून बघा. आत पांढरं बी म्हणजे फळ जिवंत, तपकिरी किंवा काळं बी म्हणजे गेलं. गेलेल्यासाठी कुठलंही औषध घेऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

लाटेचा अंदाज आला की आदल्या दिवशी दुपारपर्यंत पाणी देऊन टाका. ओली माती दिवसाची ऊब कोरड्या मातीपेक्षा जास्त साठवते आणि रात्री सोडते. म्हणजे पुन्हा तेच, पाणी. झाड लहान असेल तर काठ्या रोवून वरून जुनी चादर टाका, ती जमिनीपर्यंत येऊ द्या आणि सकाळी ऊन आल्यावर काढा. प्लास्टिक थेट पानांवर टाकू नका.

विरळणी

एका तुऱ्यात शंभरच्या आसपास किंवा त्याहून जास्त फुलं असू शकतात. सगळी धरली तर गोट्या मिळतात. मोठं फळ हवं असेल तर तुऱ्याला ४ ते ६ फळं ठेवा, बाकी कात्रीने काढा. हात धजत नाही, मान्य आहे. पण मोजकं पाणी २० फळांत वाटलं जाण्यापेक्षा ५ फळांत जाऊ दे.

वेळेचा मुद्दा जागेप्रमाणे बदलतो. जिथे दंव पडत नाही तिथे फुलातच तुऱ्याचा काही भाग छाटा, लवकर छाटाल तितका फायदा. जिथे गोठणारी थंडी पडते तिथे घाई करू नका. तुऱ्यातली फुलं एकदम उमलत नाहीत, काही आठवडे उमलत राहतात, आणि लाटेत पुढची गेली तर मागची वाचतात. तिथे थंडी ओसरल्यावर, जिवंत फळं कोणती हे कळल्यावर विरळणी करा.

विरळणीनंतर घोसाला कागदी पिशवी बांधा. जपानात ही जुनी रीत आहे. पक्षी, फळमाशी आणि उन्हाचे चट्टे, तिघांना एकच उपाय. जुन्या वर्तमानपत्राची घरी केलेली पिशवी चालते. खालचे कोपरे कापा, म्हणजे पाणी साचणार नाही.

नेहमीची कामं

- शेणखत: वर्षातून एकदा, फळं काढल्यावर, घेराच्या कडेने.
- रासायनिक खत द्यायचंच तर: अडीच-तीन मीटर उंच झाडाला ६-६-६ मिश्रण (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी ६ टक्के) साधारण ४५० ग्रॅम, वाढीच्या काळात वर्षातून ३ वेळा, ओल्या मातीत. जास्त नत्राने पानं माजतात आणि मोहोर घटतो.
- तण: हाताने. कुदळ चालवू नका, मुळं वर आहेत.
- कलमाच्या जोडाखालचे फुटवे: दिसताच काढा.
- वाळक्या फांद्या: कधीही.
- कुंडीतलं झाड: किमान दीड फुटी कुंडी, ओल रोज तपासा.

कीड आणि रोग

मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड यांना ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून, संध्याकाळी फवारायचा. मोहोर उमललेला असताना काहीही फवारू नका. थंडीत मधमाश्यांना फुलं कमी असतात, त्या याच मोहोरावर येतात आणि त्यांच्यामुळेच फळ धरतं.

पानांवर आणि फळांवर काळपट खरबरीत डाग म्हणजे खवड्या. मोहोराआधी १ टक्का बोर्डो फवारा: १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र ओता. लोखंडी सुरीचं पातं बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर चुना थोडा वाढवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

शेंडे आणि मोहोर भाजल्यासारखे काळे पडून आकड्यासारखे वाकले, तर तो अग्निदाह असू शकतो. हा जिवाणू फुलातून शिरतो. रोगट भागाच्या खाली वीत-दीड वीत निरोगी लाकूड धरून फांदी कापा, प्रत्येक कापाला कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि कापलेलं जाळा. अशा झाडाला त्या वर्षी नत्र बंद.

नवीन झाड लावणार असाल तर

बियांचं रोप फळायला ८-१० वर्षंही घेतं, कलम दोन-तीन वर्षांत सुरू होतं. विकणारा कलम म्हणत असेल तर खोडावरचा जोड स्वतः बघून घ्या. जोड दिसत नसेल तर ते बियांचं रोप आहे, मग किमतीत कलमाचे पैसे का द्यायचे? गोल्ड नगेट हा वाण एकटा फळतो. शॅम्पेन आणि अॅडव्हान्स यांना दुसऱ्या वाणाची सोबत लागते. तनाकाचं फळ मोठं आणि उशिरा पिकणारं. उष्ण कटिबंधातल्या सखल, कायम गरम भागात मात्र झाड छान वाढतं पण फळ जवळजवळ देत नाही. तिथे सावलीसाठी लावा. बारमाही फळाच्या जाहिरातीला भुलून लावू नका.

पिकताना आणि पिकल्यावर

फळ रंग धरू लागलं की पाण्यातला चढ-उतार सर्वांत महागात पडतो. आधी कोरडं ठेवून मग एकदम भरपूर पाणी दिलं की साल तडकते. थोडं, पण नियमित द्या. तोडलेलं फळ पुढे गोड होत नाही, म्हणून देठापर्यंत पूर्ण रंग आल्याशिवाय काढू नका. ओढलं तर साल फाटते, देठ ठेवून कात्रीने कापा. बिया चावू नका, कुटूनही खाऊ नका. त्यांत अमिग्डालिन असतं आणि त्यापासून सायनाइड तयार होतं.

शेवटचा घोस उतरला की छाटणी लगेच करा. नव्या फुटीच्या शेंड्यावरच पुढचा मोहोर येतो. उन्हाळा सरता सरता किंवा शरदात कात्री चालवाल तर मोहोरच कापाल. झाड ३-४ मीटरच्या वर जाऊ देऊ नका, मधला भाग उघडा ठेवा. पाणी कमी करायचंच असेल तर त्याचीही वेळ हीच. स्पेनच्या अल्मेरिया भागातले बागायतदार फळं उतरल्यावर उन्हाळ्याच्या सुरुवातीला काही आठवडे मुद्दाम पाणी कमी करतात, त्याने मोहोर लवकर येतो आणि फळही लवकर बाजारात जातं. तुमचं झाड तरुण असेल किंवा उन्हाळा ३५ अंशांच्या वर जात असेल तर हा प्रयोग टाळा, पानं करपतील. आणि केलाच, तर मोहोराचे दांडे दिसू लागल्याच्या दिवशी पाइप पुन्हा झाडाखाली आणा.